नाकातोंडावरची पट्टी

चीनच्या ईशान्येस मांचुरिया नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. हिवाळ्यात तेथील नद्या गोठून जातात आणि पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. या प्रदेशातील हार्बिन हे नगर त्या काळी रशियन लोकांच्या ताब्यातील लोहमार्गाचे मोठे ठाणे होते. नगराला लागूनच फुजियादियान नावाची चिनी लोकांची दाट वस्ती होती. इ. स. १९१० च्या अखेरीस या वस्तीत एक भयंकर साथ शिरली. रोग्यास एकाएकी ताप भरे, खोकला लागे, थुंकीत रक्त दिसू लागे आणि दोन-तीन दिवसांत त्याचा प्राण जाई. घरातील एक माणूस अंथरुणाला खिळला की त्याच्या उशाशी बसणारेही मागोमाग आजारी पडत. एकदा रोग जडल्यावर त्यातून कोणी उठल्याचे ऐकिवात नव्हते.

चिनी सरकारने या संकटाच्या तोंडी एका तरुण डॉक्टरास पाठविले. त्यांचे नाव वू लिएन-तेह. पेनांग बेटावर इ. स. १८७९ मध्ये जन्मलेले आणि इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकलेले डॉ. वू त्या वेळी तिएन्त्सिन येथील लष्करी वैद्यक विद्यालयाचे उपप्रमुख होते. गंमत अशी की, चिनी वंशाच्या या माणसाला चीनची बोली नीटशी येत नव्हती. दि. २४ डिसेंबर १९१० रोजी एक सूक्ष्मदर्शक यंत्र, थोडी औषधे आणि एक विद्यार्थी एवढाच परिवार घेऊन ते हार्बिनच्या स्थानकावर उतरले.

रोग प्लेगचाच असावा, असा अनेकांचा तर्क होता. परंतु प्लेग कसा पसरतो, याविषयी त्या काळच्या वैद्यांचे मत पक्के झालेले होते. आणि ते पक्के होण्यास आपली मुंबईही कारण झाली होती. इ. स. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा उद्रेक झाला आणि पुढे त्याने महाराष्ट्रातील गावेच्या गावे ओस पाडली. उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात, असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी इ. स. १८९८ मध्ये प्रतिपादन केले. प्रथम ते कोणास पटले नाही. नंतर इ. स. १९०५ पासून मुंबईस संशोधकांच्या एका मंडळाने त्याची कसोटी घेतली. प्लेगच्या पिसवा असलेल्या जागेत त्यांनी गिनीपिग नावाचे लहान प्राणी पिंजऱ्यांत घालून ठेवले. काही पिंजरे जमिनीलगत होते, तर काही पिसूची उडी पोहोचणार नाही इतके उंच टांगलेले होते. जमिनीलगतचे प्राणी रोगास बळी पडले, उंचावरचे वाचले. तेव्हापासून प्लेग म्हटला की उंदीर मारावेत, घरे धुवावीत आणि पिसवांपासून जपावे, हा नियमच होऊन बसला.

हा नियम खोटा नव्हता. पण हार्बिनची साथ त्यात बसत नव्हती. तेथे एका जपानी डॉक्टरने उंदरांमागून उंदीर चिरून पाहिले, परंतु एकातही प्लेगचे जंतू सापडले नाहीत. रोग्यांच्या काखेत किंवा जांघेत गाठीही नव्हत्या. मग डॉ. वूंनी रोगाने दगावलेल्या एका स्त्रीचे शवविच्छेदन केले. मृतदेहाला शस्त्र लावणे तेथील समाजाला मुळीच मान्य नव्हते. म्हणून हे काम त्यांनी वस्तीतील एका घरातच, गाजावाजा न करता उरकले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या स्त्रीच्या फुप्फुसात प्लेगचे असंख्य जंतू दिसले. उलगडा झाला. रोग प्लेगच होता. पण तो फुप्फुसात शिरलेला प्लेग होता. रोगी खोकला की त्याच्या तोंडातून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांबरोबर जंतू बाहेर पडत आणि जवळच्या माणसाच्या श्वासातून आत जात. मध्ये उंदीर नको की पिसू नको. या साथीचे मूळ मार्मोट नावाच्या रानटी प्राण्यात होते. त्याच्या कातड्याला चांगली किंमत येऊ लागल्याने त्याच्या शिकारीस माणसांची झुंबड उडाली होती. हे शिकारी आणि व्यापारी थंडीत दारेखिडक्या बंद करून खानावळींच्या फळ्यांवर अंगाला अंग लावून निजत. रोगास याहून सोयीचे काय हवे होते?

डॉ. वूंनी योजलेला उपाय अगदी साधा होता. मलमपट्टीचे जाळीदार कापड सुमारे तीन फूट लांब कापायचे, त्याची घडी करून मध्ये कापसाची चपटी गादी ठेवायची, दोन्ही टोके चिरून त्यांचे बंद करायचे आणि ते डोक्यामागे घट्ट बांधायचे. नाक व तोंड दोन्ही झाकली गेली पाहिजेत आणि कडेने वारा शिरता कामा नये. अशी पट्टी कोणालाही घरी बनविता येई आणि तिला खर्चही फारसा नसे. युरोपातील काही शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर कापड बांधीत असत. पण ते रोग्याच्या जखमेस जपण्यासाठी. येथे डॉक्टर, परिचारक, प्रेते वाहणारे मजूर आणि शिपाई या सर्वांनी स्वतःच्या रक्षणासाठी ती बांधावयाची होती.

ही गोष्ट सर्वांना पटली असे नाही. जानेवारी १९११ च्या आरंभी डॉ. मेनी हे फ्रेंच वैद्य हार्बिनला आले. ते तिएन्त्सिनच्या दुसऱ्या एका वैद्यक विद्यालयात प्राध्यापक होते. वयाने आणि अनुभवाने ते डॉ. वूंहून वडील होते, प्लेगच्या साथीत त्यांनी पूर्वी कामही केले होते. डॉ. वूंनी त्यांना आपला निष्कर्ष सांगितला आणि पट्टी बांधण्याची विनंती केली. डॉ. मेनींना ती सूचना अपमानासारखी वाटली. एका तरुण चिनी डॉक्टरने आपणास शिकवावे, हे त्यांना सहन झाले नाही. थोड्याच दिवसांत ते रशियन लोकांच्या प्लेग रुग्णालयात गेले. अंगात पांढरा झगा होता, डोक्यावर टोपी होती, हातांत रबरी मोजे होते. पिसवांपासून रक्षण करणारी सारी सिद्धता होती. नाकातोंडावर मात्र काही नव्हते. त्यांनी वाकून रोग्यांची छाती तपासली. त्यानंतर काही दिवसांतच त्यांना ताप भरला, आणि दि. ११ जानेवारी १९११ रोजी त्यांचे निधन झाले. डॉ. मेनी भित्रे नव्हते, आळशी नव्हते, अडाणी तर नव्हतेच. दूर परमुलखात रोग्यांच्या सेवेसाठी ते आपण होऊन आले होते, हे विसरणे न्यायाचे होणार नाही.

या मृत्यूने सारे हार्बिन हादरले. कालपर्यंत पट्टीला हसणारे लोक आज ती मागू लागले. रस्त्यावर जो तो पट्टी लावून हिंडू लागला. पण तिचा अर्थ सर्वांनाच उमगला होता असे नाही. कित्येकांची पट्टी गळ्यात ताइतासारखी लोंबत असे, जणू ती जवळ असली की पुरे! इ. स. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा आपल्याकडील बाजारांतही हनुवटीखाली ओढलेले मास्क पुष्कळ दिसत. माणसाचा स्वभाव शंभर वर्षांत फारसा पालटत नाही. रुग्णालयात काम करणाऱ्यांना मात्र अशी ढिलाई परवडण्यासारखी नव्हती. काळजी घेऊनही धोका सर्वस्वी टळत नसे. मुकदेन येथे आगगाडीतील प्रवाशांची तपासणी करणारे आर्थर जॅक्सन हे तरुण डॉक्टर संरक्षक पोशाख घालून काम करीत; तरी दि. २५ जानेवारी रोजी तेही प्लेगने गेले. मग ज्यांना रोज, दिवसातून अनेकदा रोग्याजवळ वाकावे लागे, त्यांनी एखादे वेळी कंटाळून पट्टी सैल केली तर काय होईल, हे सांगावयास नको.

केवळ पट्टीवर विसंबून डॉ. वू स्वस्थ बसले नाहीत. फुजियादियानचे त्यांनी चार विभाग केले. प्रत्येक विभागातील रहिवाशांनी ठरावीक रंगाची फीत दंडावर लावावयाची आणि परवान्यावाचून दुसऱ्या विभागात जावयाचे नाही, असा निर्बंध घातला. रशियन रेल्वेकडून मालगाडीचे १२० डबे मागून घेऊन त्यांत रोग्यांच्या सहवासात आलेल्यांना वेगळे ठेविले. त्यांचा ताप नियमाने पाहण्यात येई. एक अडचण राहिली होती. जमीन गोठल्यामुळे खड्डे खणता येत नव्हते, आणि दफनभूमीत दोन हजारांवर शवपेट्या उघड्यावर पडून होत्या. पूर्वजांच्या देहाला अग्नी देणे चिनी लोकांना पाप वाटे. डॉ. वूंनी थेट बादशाही दरबाराकडे परवानगी मागितली. ती मिळाली, आणि दि. ३१ जानेवारी १९११ रोजी, चिनी नववर्षाच्या सणातच, त्या चिता पेटल्या. तेव्हापासून मृत्यूंचा आकडा उतरू लागला. फुजियादियानमधील शेवटच्या रोग्याची नोंद दि. १ मार्च रोजी झाली. तोवर साऱ्या मांचुरियात सुमारे ६०,००० माणसे मरण पावली होती.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात मुकदेन येथे अकरा राष्ट्रांच्या तज्ज्ञांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी बत्तीस वर्षांचे डॉ. वू होते. पुढे इ. स. १९१२ मध्ये मांचुरियात प्लेग-प्रतिबंधक खाते स्थापन झाले आणि त्याची सूत्रे त्यांच्याकडेच आली. ठिकठिकाणी रुग्णालये उभी राहिली. पट्टी कशी बांधावी, कशी काढावी, रोग्यास कोठे ठेवावे, याचे शिक्षण सेवकांना साथ येण्याच्या आधीपासून मिळू लागले. इ. स. १९२०-२१ च्या हिवाळ्यात फुप्फुसाच्या प्लेगने मांचुरियात पुन्हा डोके वर काढले. थंडी तशीच होती, खानावळींतील गर्दी तशीच होती आणि औषधही अजून सापडले नव्हते. या वेळी सुमारे ९,००० माणसे दगावली.