कोरोना शरीरात नेमके काय करीत होता?

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्या धर्मग्रामातले कित्येक अंत्यविधी मोजक्या माणसांत उरकावे लागले. तेव्हा एक प्रश्न वारंवार कानी येई, "आठवडाभर साधाच ताप होता, मग अचानक कसे झाले?"

त्याचे उत्तर समजून घेऊ या. आपल्या पेशींवर एसीई-२ नावाचे प्रथिन असते. विषाणूच्या अंगावरचा काटा त्यात कुलपातल्या किल्लीसारखा बसतो आणि पेशीचे दार उघडते. नाकात वास ओळखणाऱ्या पेशींच्या शेजारी त्यांना आधार देणाऱ्या पेशी असतात. विषाणू या आधारपेशींना धरतो, म्हणून अनेकांचा वास गेला. त्या पेशी पुन्हा तयार होतात, त्यामुळे बहुतेकांना तो परत मिळाला.

फुप्फुसाचे दुखणे मात्र वेगळे. तिथे हवेचे कोट्यवधी इवले फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांच्या पातळ पडद्यातून प्राणवायू रक्तात जातो. विषाणूने हे पडदे दुखावले की शरीराचे संरक्षक दल धावून येते. बहुतेकांच्या बाबतीत ते काम आटोपून परतते. काहींच्या बाबतीत मात्र दुसऱ्या आठवड्यात, विषाणू कमी होत असतानाही, हे दल आवरत नाही. वायुकोशांत पाणी साचते, प्राणवायू घटतो. काहींना तर दम लागल्याचे जाणवतही नसे आणि बोटावरचे यंत्र ८५ दाखवी! रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर सुजून गुठळ्या होत. मग हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांनाही झळ पोहोचे.

म्हणूनच स्टेरॉइड कधी द्यावे याला फार महत्त्व आले. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत २०२० साली दिसले, की डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना काहीच फायदा झाला नाही. साध्या तापातही ते घेण्याची घाई आपल्याकडे झाली. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस ही बुरशी पसरली, त्यामागे आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही मोठी कारणे होती. कित्येकांनी डोळा गमावला.

बरे झाल्यावरही काहींना महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, थकवा, धाप, धडधड, विसराळूपणा जाणवतो. रिपोर्ट चांगले आले की घरचे म्हणतात, "मनाचे खेळ आहेत." तसे नव्हे. नेहमीच्या तपासणीत न दिसणारा त्रासही खराच असतो. अशा माणसाला डॉक्टरांकडे पुन्हा न्यावे, आणि मिस्साच्या वेळी तो बसून राहिला तर मागून कोणी कुजबुजू नये.