🌾 निंदण कराच, पण रानटी धानाचं मूठभर बी ठेवा



धानासारखं दिसणारं, पण कापणीआधीच दाणे गाळणारं तण आपण दरवर्षी बांधीतून उपटतो. छत्तीसगडकडे त्याला करगा म्हणतात. ते उपटायलाच हवं. पण त्याचा भाऊबंद, म्हणजे बोडीच्या काठचा रानटी धान, पूर्ण संपू देऊ नका.

का? 1970 च्या सुमारास आशियात 'ग्रासी स्टंट' हा तुडतुड्यांमुळे पसरणारा रोग धानावर आला. फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा धान सापडला तो उत्तर प्रदेशातला रानटी! त्याच्याच संकरातून पुढे आयआर-36 सारखे वाण आले. ते बी कोणी जपून ठेवलं होतं, म्हणून हे झालं.

बी असं जपा:

1️⃣ दाणे पिकायला लागले की लोंबीवर पातळ कापडाची पिशवी बांधा, नाहीतर सगळे गळून जातील.
2️⃣ एकाच झाडाचं नको, जमेल तितक्या झाडांचं थोडं थोडं घ्या. निम्म्याहून जास्त तिथेच राहू द्या. राखीव जंगलातून काढू नका.
3️⃣ सावलीत, हवेशीर जागी पसरून वाळवा. दाताखाली दाणा दबला तर ओल आहे, कट्टकन तुटला तर तयार.
4️⃣ काचेच्या बरणीत तळाशी कडक भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवा, वर बियाची कागदी पुडी. झाकण घट्ट लावा.
5️⃣ पुडीवर गाव, जागा, तारीख लिहा. नाव-गाव नसलेलं बी कामाचं नाही.
6️⃣ बरणी गार, अंधाऱ्या जागी ठेवा. पेरून लगेच उगवलं नाही तर बी मेलं समजू नका, रानटी धान काही महिने झोपून राहतो. हे बी बांधीत मात्र कधीच टाकू नका.

लक्षात ठेवा: बियातली ओल 1 टक्का कमी झाली की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणूनच दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत बी आधी चांगलं वाळवून मग उणे 18 अंशात ठेवतात. त्या संस्थेचं केंद्र आपल्या विदर्भात, अकोल्याला आहे.

आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या बाजूला काढून ठेवल्या. त्यातूनच एचएमटी धान आला. वेगळं दिसलं की फेकण्याआधी एकदा बघा.

बरणी भरली की कार्यालयात कळवा, गावनिहाय नोंद करू. 🙏