पॅप टेस्टसाठी डॉक्टरीणबाई मागेच लागल्यात!

प्रश्न : वय ३८. सर्दीसाठी गेले तरी डॉक्टर पॅप टेस्टचाच विषय काढतात. नको म्हटलं की रागावतात. करावीच लागेल का?

उत्तर : नाही. तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची) करता येत नाही, आणि रागावणं ही काही समजावण्याची रीत नव्हे. पण आग्रह निराधार नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेकदा एचपीव्ही विषाणूमुळे होतो, तोही वर्षानुवर्षं हळूहळू. काहीच त्रास नसताना त्याआधीचे बदल या चाचणीत सापडू शकतात. भीती वाटत असेल, तर नेमकी कशाची, ते डॉक्टरांना सांगा. लहान स्पेक्युलम (तपासणीचं उपकरण) मागा, विश्वासातल्या कुणाला तरी सोबत न्या, ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं हे आधीच ठरवा. याच विषाणूसाठीच्या वेगळ्या एचपीव्ही चाचणीचा नमुना काही ठिकाणी स्वतःलाही घेता येतो. मात्र संबंधांनंतर किंवा पाळीखेरीज रक्त जात असेल, तर तपासणी लांबवू नका.