खाण आणि गावची विहीर

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा इ. स. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात बांधला गेला. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे झिरपणारे पाणी भुयारात घेऊन, एकमेकींस जोडलेल्या कुंड्यांतून ते शहरात आणण्यात आले. भूजल वाहते असते, हाच या योजनेचा धडा होय. या वाटेत खोल खाण खणली गेल्यास तेच पाणी खाणीकडे वळू शकते.

म्हणून खाणीचा प्रस्ताव येताच परिसरातील विहिरींची नोंद करणे अगत्याचे आहे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर प्रत्येक विहिरीची पातळी मोजावी. समजा, विहिरीचा काठ समुद्रसपाटीपासून २५० मीटर उंच असून पाणी १२ मीटर खोल आहे. म्हणजे पाण्याची पातळी २३८ मीटर झाली. खाणीचा तळ २३० मीटरवर जाणार असेल, तर तो भूजलपातळीच्या ८ मीटर खाली राहील. ते पाणी सतत उपसावे लागेल व भोवतालची पातळी खाणीच्या दिशेने उतरत जाईल.

हा परिणाम किती दूर पोहोचेल, हे खडकावर अवलंबून असते. काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः भेगांतून व झिजलेल्या थरांतून वाहते. त्यामुळे जवळची विहीर टिकून दूरची आटणेही शक्य असते. यासाठी चाचणी म्हणून विंधन विहिरीतून उपसा करून शेजारच्या विहिरींची पातळी तपासावी.

२००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार जेथे जनसुनावणी होते, तेथे ग्रामस्थांनी या नोंदी लेखी सादर कराव्यात. पूर्वीची नोंद नसेल, तर विहीर आटल्यावर तिचे कारण सिद्ध करणे कठीण जाते.