स्लीव्हनंतर मिसळ कधी?

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. पोळीचे चार घास खाल्ले की छातीत अडकतं. मिसळ कधी खाता येईल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढतात, म्हणून घाईचा घास अडकतो. बारीक चावून, वीस-तीस मिनिटं जेवा. आधी अंडं, पनीर किंवा घट्ट वरण, पोळी शेवटी. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं, घोटघोट. सर्जननी परवानगी दिली की मऊ शिजवलेल्या मटकीची घरची मिसळ थोडी खा. तर्री, फरसाण, पाव नको. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या बरं वाटलं तरी थांबवू नका. पाणीही उतरेनासं झालं किंवा उलट्या होत राहिल्या, तर त्याच दिवशी सर्जनना गाठा.