अंदाज आणि माप

मुलांनो, आजीला विचारून पाहा, “आमटीत मीठ किती घालावयाचे?” “अंदाजाने!” असे ती हसून म्हणेल. हा अंदाज चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात तिच्या हातात मुरलेला असतो. पण आजी गेली की तोही तिच्याबरोबर जातो. किती घरांची चव अशी कायमची हरपली असेल!

कमलाबाई ओगले यांनी मात्र तो कागदावर उतरविला. त्यांचा जन्म १९१३ साली सांगली जिल्ह्यातील कुंडल गावी झाला. शाळा अवघी चौथीपर्यंत. पुढे संसार हीच त्यांची शाळा. १९७० साली त्यांचे ‘रुचिरा’ हे पाककृतींचे पुस्तक पुण्यात प्रसिद्ध झाले. त्यातील माप कोणते? घरोघरी असणारी वाटी आणि चमचा! तराजूची गरज नाही. युक्ती साधी खरी. परंतु तिच्यामुळे नवशिक्याच्या हातूनही पदार्थ सहसा बिघडेना. पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या.

१९९९ साली कमलाबाई निवर्तल्या. पुण्यातील कित्येक स्वयंपाकघरांत आजही हळदीच्या डागांनी पिवळी झालेली ‘रुचिरा’ सापडते. एखाद्या पानाच्या समासात त्या घरच्या आजीचे बारीक अक्षर असते: “गूळ थोडा अधिक.”