मेणवलीची घंटा

वाईहून कृष्णेच्या काठाने थोडे वर गेले म्हणजे मेणवली गाव लागते. तेथे नाना फडणविसांचा वाडा, नदीत उतरणारा दगडी घाट व मेणेश्वराचे देऊळ आहे. देवळापाशी एका लहानशा दगडी मंडपात मोठी घंटा टांगलेली असून तिजवर बाळ येशूसह मरीयेची आकृती व १७०७ हा सन उठविलेला दिसतो. शिवालयाच्या दारी ही आकृती पाहून आपल्या मंडळींपैकी कित्येकांस नवल वाटते. एखादा तर येथे पूर्वी ख्रिस्तमंदिर होते असा तर्कही बांधील! तेव्हा या घंटेचाच आज विचार करू.

लोक सांगतात ते असे : चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा फिरंग्यांच्या चर्चांतील घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर आल्या व देवळांस वाहिल्या गेल्या, त्यांतलीच ही एक. ही कथा निराधार म्हणवत नाही. वसई १७३९ च्या मे महिन्यात पडली. भीमाशंकरी व नाशकास नारोशंकराच्या देवळातही अशाच घंटा आहेत, आणि त्यांविषयीही लोक हेच सांगतात.

आता साले शेजारी मांडून पाहावी. चिमाजी अप्पा १७४० साली वारले. नाना फडणवीस १७४२ साली साताऱ्यास जन्मले, आणि मेणवली त्यांस मिळाली ती १७६८ च्या सुमारास. म्हणजे नानांनी वसईहून घंटा आणली असे कोणी सांगू लागल्यास ते खरे असणे शक्य नाही, व चिमाजींनी ती नानांस दिली हेही संभवत नाही. मधली सुमारे तीस वर्षे लोककथा एका उडीत ओलांडते. तिची रीतच अशी, की दोन थोर नावे मिळाली म्हणजे मधली माणसे ती गाळून टाकते.

ही घंटा आपली, ती परत मिळावी, असे कोणाच्या मनात येईल. युद्धात नेलेली वस्तू ती नेलेलीच, हे आम्ही झाकीत नाही. परंतु जेथे ती प्रथम वाजली त्या फिरंगी अमलात हिंदूंची देवळे पाडली गेली व त्यांच्या उपासनेवर बंधने होती, हेही त्याच इतिहासात आहे. एक पान वाचून दुसरे उलटून टाकणे बरे नव्हे. शिवाय इतक्या वर्षांत मरीयेची आकृती कोणी कानशीने घासून काढली नाही. आम्हांस तर हेच अधिक सांगण्याजोगे वाटते.

सांगलीकडील वाचकांस बत्तीस शिराळ्याच्या नागांची व गोरक्षनाथांची कथा ठाऊक आहेच. ज्यांच्या गावी तसे काही नसेल, त्यांनी देवळाबाहेरील वीरगळ पाहावा. वृद्धांस विचारून गोष्ट त्यांच्याच शब्दांत वहीत उतरावी, आणि शिलालेखात किंवा सनदेत साल सापडल्यास ते समोरच्या पानावर निराळे लिहावे.